एका टेबलावरचे दोन मॉनिटर

स्टुडिओत ‘मॉनिटर’ हा शब्द दोन वस्तूंना लागतो. ज्यातून ऐकून ध्वनिमुद्रण पारखले जाते तो स्पीकरही मॉनिटर आणि ज्यावर ट्रॅक दिसतात तो संगणकाचा स्क्रीनही मॉनिटर. मोठ्या व्यावसायिक स्टुडिओत दोघांनाही ऐसपैस जागा असते. घरच्या खोलीत मात्र दोघे एकाच जागेवर हक्क सांगतात: बसणाऱ्याच्या बरोबर समोर, डोळ्याच्या आणि कानाच्या उंचीवर, हाताच्या टप्प्यात. स्क्रीन एकाचे दोन किंवा तीन झाले की हा प्रश्न सोयीचा राहत नाही. मग खोलीत ऐकू येणारा आवाज खरा किती, इथपर्यंत तो जातो.

छत्रपती संभाजीनगरात अशा खोल्या सिडकोच्या रो-हाउसमध्ये, गारखेडा-उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटच्या मागच्या बेडरूममध्ये किंवा गच्चीवर चढवलेल्या एका खोलीत थाटल्या जातात. १४ एप्रिलच्या आधी भीमगीते, श्रावणात अभंग, भाद्रपदाच्या तोंडावर गणपतीची गाणी आणि वर्षभर जाहिरातींचे आवाज, असे तिथले काम. पुढील संवादातील खोली १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची आहे. बोलणारे दोघे आहेत. एक तरुण संगीतकार, ज्याचे सगळे काम संगणकावर होते, आणि एक ज्येष्ठ ध्वनिमुद्रक, ज्यांचा हात टेपच्या काळात तयार झाला. संगीतकाराला स्क्रीन वाढवायचे आहेत, ध्वनिमुद्रकाला ते कमी करायचे आहेत.

संगीतकार : काका, एका भीमगीताचे साठ-सत्तर ट्रॅक सहज होतात. ढोलकीला दोन माइक, ढोलक, ऑक्टोपॅड, बेंजो, कीबोर्डचे पाच-सहा थर, कोरसचे चार आवाज आणि प्रत्येकाचे दोन-दोन टेक. टाइमलाइन उघडली की मिक्सर झाकला जातो, मिक्सर उघडला की प्लगइनला जागा उरत नाही. दिवसभर नुसती खिडक्यांची उघडझाप. सत्तावीस इंचाचे दोन स्क्रीन शेजारी शेजारी लावले की सगळं समोर राहील.

ध्वनिमुद्रक : सगळं समोर म्हणजे स्पीकरच्याही समोर. आधी टेप लावून माप घे, मग बोलू.

मापे अशी निघतात. सत्तावीस इंची स्क्रीन सुमारे ६० सेंटीमीटर रुंद आणि ३४ सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे दोन मिळून १२० सेंटीमीटर. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण करण्याची जुनी रीत आहे, आणि एवढ्या खोलीत त्या त्रिकोणाची बाजूही १२० सेंटीमीटरच्या आसपासच बसते. लांबीच्या दिशेने बसून समोरच्या भिंतीपासून खोलीच्या ३८ टक्क्यांवर डोके ठेवायचे, हा सुरुवातीचा अंदाज घेतला तर ते भिंतीपासून १३९ सेंटीमीटरवर येते. स्पीकरचे तोंड डोक्यापासून सरळ १०४ सेंटीमीटर पुढे. स्क्रीन वाचता यावा म्हणून तो ७० सेंटीमीटरवर ओढला, तर १२० सेंटीमीटरची ती सलग भिंत दोन्ही स्पीकर आणि कान यांच्या मध्ये उभी राहते.

आवाज अडथळ्याला वळसा घालतो, पण सगळ्या स्वरांना ते सारखे साधत नाही. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते, तिच्या वाटेत स्क्रीन असून नसल्यासारखा. १०,००० हर्ट्झची लहर साडेतीन सेंटीमीटरची, ती स्क्रीनमागे अडते. परिणामी ढोलकीची धूम शाबूत राहते, पण झांजेची किणकिण, घुंगरांची धार आणि गाणाऱ्याच्या तोंडचे ‘स’, ‘श’ बोथट होतात. ते बोथट वाटले की मिक्स करणारा वरच्या पट्टीचे स्वर वाढवतो. तेच गाणे मग मिरवणुकीच्या भोंग्यावर किंवा मोबाइलवर लागले की कानात टोचते. या चुकीचे मूळ गाण्यात शोधून सापडत नाही. ते टेबलावर असते.

संगीतकार : मग स्क्रीन खाली घेतो. स्पीकरमधला वरच्या स्वरांचा ट्वीटर कानाच्या उंचीला ठेवायचा असतो ना? बसल्यावर माझा कान जमिनीपासून १२० सेंटीमीटरवर येतो. टेबल ७५. स्क्रीनचा पाय पाच सेंटीमीटरपर्यंत खाली दाबला तर वरची कड ११४ वर येते. ट्वीटर तिच्यावरून सरळ माझ्या कानाकडे बघेल.

ध्वनिमुद्रक : हे बरोबर काढलंस. मानेचे डॉक्टरही हेच सांगतात.

हा योगायोग मोलाचा आहे. माणसाचा डोळा आणि कानाचे भोक जवळपास एकाच पातळीवर असतात. मानेवर ताण नको म्हणून स्क्रीनची वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवावी लागते, आणि ट्वीटरची वाट मोकळी राहावी म्हणूनही ती कड तिथेच असावी लागते. उंचीच्या बाबतीत डोळा आणि कान एकमेकांशी भांडत नाहीत. अडचण बाजारातल्या पायांची असते. कित्येक स्क्रीन इतके खाली येतच नाहीत. अशा वेळी पाय काढून, स्क्रीनच्या पाठीवरच्या १०० बाय १०० मिलिमीटरच्या चार भोकांत बसणारा, टेबलाच्या कडेला आवळायचा हात लावणे हा सरळ उपाय. हात दणकट हवा, नाहीतर खर्जाच्या स्वराला स्क्रीन थरथरतो आणि तो खुळखुळ आवाज गाण्यातलाच वाटू लागतो.

उंचीने प्रश्न अर्धाच सुटतो. खालच्या स्वरांचा पाच इंची वूफर ट्वीटरच्या खाली साधारण एक वीत अंतरावर असतो आणि दोन हजार हर्ट्झपर्यंतचा बराच मजकूर, म्हणजे शब्दांचा गाभा, त्यातून येतो. तो रुंद स्क्रीनच्या कडेमागे अर्धवट लपला तर आवाज नाकातून आल्यासारखा होतो. म्हणून कसोटी सोपी ठेवावी: खुर्चीत टेकून बसल्यावर दोन्ही स्पीकरचे ट्वीटर आणि वूफर पूर्ण दिसले पाहिजेत.

यावर संगीतकाराचा आक्षेप बिनतोड आहे. यामाहाचे एनएस-१० स्पीकर १९७८ साली आले आणि जगभरच्या स्टुडिओंत मोठ्या कन्सोलच्या कपाळपट्टीवर जाऊन बसले. त्यांच्यापुढे दोन-दोन मीटर रुंदीचा लोखंडी उतार पसरलेला असे, आणि असंख्य गाजलेली गाणी त्या उतारावरून उसळणारा आवाज ऐकतच मिक्स झाली. मग एका काचेच्या पट्टीचा एवढा बाऊ कशाला? ध्वनिमुद्रकाचे उत्तर असे की त्या खोल्यांची दुरुस्ती झालेली असे, तिथे रोज बसणाऱ्याचा कान त्या दोषाला सरावलेला असे आणि निर्णायक ऐकणे भिंतीतल्या मोठ्या स्पीकरवरही होई. पण वाद शब्दांनी मिटणारा नाही हे दोघांनाही कळते, आणि मोजणीला सुरुवात होते.

मोजणीला फार सामान लागत नाही. रूम ईक्यू विझार्ड हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम, मापनासाठीचा एक साधा माइक आणि सुतळी. माइक कानाच्या जागी उभा करतात, एका स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत चढत जाणारा स्वर सोडतात आणि प्रोग्रॅम त्यातून आलेख काढतो: थेट आवाज कधी पोचला आणि त्यामागून किती वेळाने कोणकोणते पडसाद आले. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो, म्हणजे एका मिलिसेकंदात साडेचौतीस सेंटीमीटर. या खोलीच्या मापांनुसार डाव्या स्पीकरच्या आलेखात थेट आवाजामागे ०.८७ मिलिसेकंदावर एक शिखर येते.

संगीतकार : ०.८७ म्हणजे तीस सेंटीमीटर जादा वाट. थेट अंतर १२०. मग दीडशे.

ध्वनिमुद्रक : आता दीडशे सेंटीमीटरची सुतळी काप. एक टोक ट्वीटरपाशी धर, दुसरं माइकपाशी. मधे बोट घालून ताण आणि चारी बाजूंनी फिरव. जिथे टेकेल, तो चोर.

सुतळी स्क्रीनला टेकत नाही. ती टेबलाच्या फळीला टेकते, कीबोर्डच्या पलीकडे, दोन्ही टोकांच्या बरोबर मध्यावर. हिशेबही तेच सांगतो. कान आणि ट्वीटर फळीच्या ४५ सेंटीमीटर वर, अंतर १२०, तर फळीवरून उसळून येणारी वाट दीडशेच भरते. अशी जादा वाट एखाद्या स्वराच्या अर्ध्या लहरीएवढी झाली की थेट आवाज आणि पडसाद एकमेकांना खातात. इथे तो स्वर ५७५ हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे गाणाऱ्या आवाजाच्या ऐन मध्यातला. पुढे ठरावीक अंतराने असेच खड्डे पडत जातात आणि आलेख कंगव्याच्या दातांसारखा दिसतो, म्हणून या दोषाला कॉम्ब फिल्टर म्हणतात. सनमायका लावलेली गुळगुळीत, खोल फळी ही घरच्या स्टुडिओतली सर्वांत मोठी आरशासारखी जागा असते, आणि बदनाम होतो स्क्रीन. सुतार फळी हवी तेवढीच अरुंद करून देईल. स्पीकर टेबलावरून उचलून मागे स्वतंत्र स्टँडवर घेतले तर फळीची कड त्या उसळीच्या जागेच्या अलीकडे संपवता येते.

मग त्याच आलेखातले दुसरे शिखर तपासतात. हे ०.७ मिलिसेकंदावर आहे, म्हणजे २४ सेंटीमीटर जादा, आणि ते फक्त डाव्या बाजूला आहे. १४४ सेंटीमीटरची सुतळी या वेळी टेकते ती तिसऱ्या स्क्रीनला. शब्द वाचण्यासाठी संगीतकाराने तो डाव्या हाताला, बाजूच्या भिंतीला समांतर उभा केलेला आहे.

ध्वनिमुद्रक : आता डोळे मीट आणि गायकाचा आवाज कुठून येतो ते बोटाने दाखव.

संगीतकार : मधोमध नाही, काका. जरा डावीकडे ओढल्यासारखा.

दोन स्पीकरमधून सारखाच आवाज आला की तो मधल्या रिकाम्या जागेतून येतोय असा भास होतो. गायक त्या जागी बसवलेला असतो. एकाच बाजूला जवळचा पडसाद असला की दोन कानांना मिळणारी खूण बदलते आणि गायक आपली जागा सोडतो किंवा पसरट होतो. म्हणून स्क्रीनच्या मांडणीत संख्येपेक्षा समतोल महत्त्वाचा. डावीकडे एक आणि उजवीकडे काहीच नाही, ही मांडणी मधोमध ठेवलेल्या दोन स्क्रीनपेक्षा वाईट. तिसरा स्क्रीन बसणाऱ्याच्या तोंडाकडे पुरेसा वळवला की स्पीकरच्या दृष्टीने त्याची फक्त कड उरते आणि ते शिखर बसते. तो स्पीकरच्या तोंडाच्या मागे सरकवला तरी चालते.

मोजणीचा निकाल कानाने पडताळावा लागतो. रीत अशी की तानपुऱ्यावर गायलेला एक आलाप दोन्ही स्पीकरवर सारखा लावायचा, एकदा स्क्रीन उघडे ठेवून आणि एकदा त्यांच्यावर जाड गोधडी टाकून ऐकायचे. आवाजाची पातळी, खुर्ची, डोके यांतले काहीही हलवायचे नाही. एक गोष्ट स्थिर ठेवून दुसरी बदलायची आणि फरक कानाने ओळखायचा, ही रीत याच मातीतल्या ग्रंथात सांगितलेली आहे. शहरापासून जवळच्या देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. बावीस श्रुती पटवून देण्यासाठी त्याने बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घेतल्या. एक ध्रुव, म्हणजे न हलवायची, आणि एक चल, म्हणजे पायरी-पायरीने उतरवत न्यायची. दोन्हींची तुलना करणारा होता तो ऐकणारा कान. गोधडीचा प्रयोग हा त्याच विचाराचा धागा आहे आणि घरच्या स्टुडिओत तो वर्षातून एकदा तरी करावा.

ध्वनिमुद्रकाचा खरा आक्षेप मात्र पडसादांच्या पुढचा आहे.

ध्वनिमुद्रक : तू ढोलकी ऐकत नाहीस, बघतोस. रेघेवर बसली नाही की उचलून रेघेवर ठेवतोस. वाजवणाऱ्याने सम मुद्दाम कणभर मागे घेतलेली असते, त्यात तर मजा असते. स्क्रीन जेवढे जास्त, तेवढी तुझी नजर कानाच्या कामात जास्त ढवळाढवळ करणार.

संगीतकार : पण काका, कोरसमधल्या एका बाईंचा श्वास दुसऱ्यांच्या शब्दावर येतो, तो बघितल्याशिवाय सापडेल का? टेप कापताना तुम्ही पण ब्लेडच्या जागी पेन्सिलीने खूण करतच होता.

ध्वनिमुद्रक : करत होतो. पण ती खूण ऐकून करत होतो. रीळ हाताने मागेपुढे फिरवायचं, आवाज सापडला की खूण.

दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि इथे मध्यममार्ग काढण्याची गरज नाही, कारण ही दोन वेगळी कामे आहेत. कापाकापी, श्वास काढणे, टेक निवडणे हे बघायचे काम. आवाजांचा तोल साधणे हे ऐकायचे काम. पहिल्याला दोन स्क्रीन खरोखर लागतात. दुसरे सुरू झाले की स्क्रीन बंद करता यावा अशी मांडणी हवी. डोळ्यापुढे हलणारी चित्रे असली की आवाज कुठून येतो याचा अंदाजही त्यांच्याकडे ओढला जातो. बाहुलीच्या खेळात बोलणारा माणूस असतो, पण आवाज बाहुलीच्या तोंडून आल्यासारखा वाटतो, तसेच हे. शेवटचे ऐकणे अंधाऱ्या स्क्रीनसमोर करण्याची सवय म्हणूनच कामाची. खिडक्यांच्या उघडझापेवरही बहुतेक प्रोग्रॅममध्ये तोड दिलेली असते: क्यूबेसमध्ये एफ ३ दाबले की मिक्सर समोर येतो, लाइव्हमध्ये टॅब दाबले की दृश्य बदलते, रीपर आणि लॉजिकमध्ये खिडक्यांची आखलेली मांडणी साठवून एका कळीवर बोलावता येते. ज्याने या कळा बोटात बसवल्या त्याची तिसऱ्या स्क्रीनची गरज बहुधा संपते.

आता प्रत्यक्ष मांडणी. दोन सारखे स्क्रीन शेजारी लावून सांधा मधोमध आणणे हा प्रचलित पण चुकीचा प्रकार. मान कायम डावीकडे किंवा उजवीकडे वळलेली राहते आणि डोके त्रिकोणाच्या टोकावरून हलते. बसणाऱ्याला अर्ध्या दिवसात पाठीत कळते, आवाजातला बिघाड मात्र कळत नाही. वक्र, अतिरुंद असा चौतीस इंची एकच स्क्रीन त्याहून बरा. तो ८० सेंटीमीटरच्या आसपास रुंद असतो, सांधा नसतो आणि १२० सेंटीमीटरच्या त्रिकोणात दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते.

मात्र १० बाय १२ च्या खोलीसाठी सर्वांत सरस मांडणी निराळी आहे: समोरच्या भिंतीवर त्रेचाळीस इंची फोर-के टीव्ही आणि टेबलावर, मधोमध आणि खाली, लॅपटॉप. टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटीमीटर. १३५ सेंटीमीटरवरून तो डोळ्याला जेवढा मोठा दिसतो, तेवढाच सत्तावीस इंची स्क्रीन ८५ सेंटीमीटरवरून दिसतो. तो दोन स्पीकरच्या मधल्या मोकळ्या जागेतून पूर्ण दिसतो. आणि मुख्य म्हणजे तिथे टणक भिंत आधीपासूनच असते, त्यामुळे टीव्ही नवा पडसाद जवळजवळ आणत नाही. टाइमलाइन भिंतीवर, मिक्सर आणि प्लगइन लॅपटॉपवर. अक्षरे बारीक वाटली तर संगणकाच्या सेटिंगमध्ये ती दीडपट करावीत, आणि टीव्हीचा गेम मोड चालू ठेवावा, नाहीतर माउस हातामागे रेंगाळतो.

गायकाच्या स्क्रीनचा हिशेब वेगळा. एकाच खोलीत गाणारा उभा राहतो तेव्हा कागदाच्या सळसळीपेक्षा स्क्रीनवरचे शब्द चांगले, पण तो स्क्रीन कुठे ठेवायचा? कार्डिऑइड माइक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. म्हणून टॅब किंवा उभा फिरवलेला स्क्रीन माइकच्या पाठीमागे, छातीच्या उंचीवर, थोडा आकाशाकडे कललेला असावा. पंख्याचा आवाज करणारा संगणकही त्याच दिशेला ढकलावा.

विजेचा भाग थोडक्यात. सत्तावीस इंची स्क्रीन साधारण २५ ते ४० वॅट खातो आणि ती सगळी शेवटी उष्णताच होते. तीन स्क्रीन म्हणजे सुमारे १०० वॅट, स्वस्थ बसलेल्या एका माणसाएवढी ऊब. मे महिन्यात पारा ४० अंशांवर असताना, गच्चीवरच्या खोलीत, टेक चालू म्हणून पंखा बंद, अशा वेळी हा जादा माणूस जाणवतो. टेकच्या वेळी नको ते स्क्रीन बंद ठेवावेत.

संगीतकार : बेंजोचा पिकअप लावला की गुर्र होतं. स्क्रीन बंद केला की कमी होतं.

ध्वनिमुद्रक : बेंजोवाल्याला मीटरभर मागे सरकव आणि वाद्य फिरवून बघ. एका कोनात गुरगुर बसते. तरी राहिली तर अर्थिंग बघ. संगणक, स्क्रीन आणि स्पीकर तिन्ही एकाच तीन-पिनी बोर्डावर घे, स्पीकरला बॅलन्स्ड केबल लाव. आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर टेक घेऊ नको. स्क्वेअर वेव्हचा असेल तर सगळ्यात गुणगुण येईल.

जोडणीतही एक-दोन खाचा आहेत. जुन्या लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच देतो, त्यामुळे टाइमलाइन अडखळत सरकते. एम-१ चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच स्क्रीन थेट लागतो. यूएसबीवर चालणाऱ्या डिस्प्लेलिंक जोडणीने आणखी लावता येतात, पण चित्राचे काम मग प्रोसेसरवर पडते आणि तो भार ध्वनीच्या वाट्याचा असतो. रेकॉर्डिंगमध्ये टकटक ऐकू येऊ लागली की आधी ही जोडणी काढून बघावी.

सगळे बसल्यावर दोन्ही स्पीकरची मोजणी पुन्हा घेतात. फळी अरुंद केलेली, टीव्ही भिंतीवर, डावीकडचा स्क्रीन तिथून हलवून गायकाकडे दिलेला. उरते ती खुर्ची.

ध्वनिमुद्रक : तिच्या चाकांच्या जागी जमिनीवर रंगीत टेप चिकटव. झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेव, टेप काढायची नाही.